डुकराच्या मूत्राशयाचा चेंडू आणि इंग्लंडचा जुना गावठी फुटबॉल

इंग्लंडच्या खेड्यांत पूर्वी चालणारा फुटबॉल जसाच्या तसा खेळायचा असेल, तर निम्मी मेहनत चेंडूवर घ्या. खेळ त्याच्यावरच ठरतो.

डुकराचं मूत्राशय ताजंच हवं. वरची चरबी बोटांनी सोलून काढा. जिथे राहील तिथून ते कुजायला लागतं. धुऊन, ओलं असतानाच पिसाच्या पोकळ देठाने फुगवा. थेट तोंड लावू नका, रोगाची भीती असते. मान सुतळीने करकचून बांधा आणि सावलीत टांगा. न फुगवता वाळवलं तर ते कडक होतं आणि फुंकताच तडकतं. पोरं आत सुके वाटाणे टाकून या नुसत्या खुळखुळ्यावरच खेळत.

मोठ्यांच्या लाथांना मात्र चामड्याचं कवच लागतं. त्यासाठी मूत्राशय वाळवू नका. कवच उलटं शिवा, म्हणजे उलटवल्यावर टाके आत जातात. एक फट ठेवा, तिच्यातून ओलं मूत्राशय सरकवा, फुगवा, बांधा, वादीने फट आवळा. जितकं घट्ट फुगवाल तितका चेंडू लांब जातो. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग किल्ल्यात सापडलेला 16व्या शतकातला चेंडू याच जातीचा आहे. पूर्ण गोल होईल अशी अपेक्षा नको. मूत्राशय मुळात लांबट, त्यामुळे टप्पा वाकडाच पडतो. चामडं पाणी पिऊन जड झालं की डोक्याने मारू नका.

साध्या सामन्याला 80 ते 100 यार्डांवर समोरासमोर दोन गोल: प्रत्येकी दोन काठ्या, मध्ये 2-3 फूट जागा. दोन्हीकडे माणसं सारखी. एकच नियम कडक पाळा: लाथ चेंडूच्या उंचीच्या वर जाता कामा नये. दोघे एकाच वेळी चेंडूवर आले की नडग्या फुटतात, म्हणून हा नियम आला. रस्त्यावर खेळू नका. 1835च्या कायद्याने त्यावर 40 शिलिंगांपर्यंत दंड बसवला.

गावभर खेळायचं तर डर्बीशायरमधलं ॲशबोर्न बघा. तिथे गोल एकमेकांपासून 3 मैलांवर आणि मधून ओढा वाहतो, म्हणून चेंडूत हवा नाही, बुचाचा भुसा भरतात. पाण्यात पडला तरी तरंगतो. ओढ्याच्या कुठल्या अंगाला जन्मलात त्यावर तुमची बाजू ठरते. गोल करायला चेंडू जात्याच्या दगडावर 3 वेळा आपटावा लागतो.