टास्कबारचे रूप बदलताना
विंडोज ११ मध्ये टास्कबारच्या (पडद्याच्या तळाशी असलेल्या चिन्हांच्या पट्टीच्या) मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडावे. तेथील ‘टास्कबार बिहेवियर्स’ या विभागात चिन्हे मध्यभागाऐवजी डावीकडे घेता येतात. रंगाचे काम थोडे आडवळणाचे आहे: ‘सेटिंग्ज’च्या ‘पर्सनलायझेशन’मधील ‘कलर्स’ येथे आधी ‘डार्क’ निवडावे, किंवा ‘कस्टम’ निवडून विंडोजपुरता गडद पर्याय ठेवावा, तेव्हाच टास्कबारला आवडता रंग देण्याची सोय खुली होते, ‘लाइट’मध्ये ती बंदच राहते. बडोद्यातील ज्या मराठी घरांत एकाच संगणकावर मराठी, गुजराती आणि इंग्रजी असे तिन्ही टंकलेखन चालते, त्यांनी सजावटीच्या भरात घड्याळाजवळचे भाषेचे चिन्ह मात्र लपवू नये; विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्यावर कोणती भाषा आली, हे तेथेच दिसते.