छोट्या भूमिकेतला मोठा नट ओळखताना : सूचीकाराच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

जुन्या चित्रपटांच्या डिजिटल प्रतींना कलाकारांची नावे, त्यांच्या भूमिका आणि ते पडद्यावर कितव्या मिनिटाला येतात याच्या नोंदी जोडणे, हे माझे गेल्या अकरा वर्षांचे काम आहे. या कामात नव्याने येणाऱ्यांना नायक-नायिकांची नोंद करणे जड जात नाही. गाडी अडते ती दोन वाक्ये बोलून निघून जाणाऱ्या माणसापाशी, कारण तोच पुढे दहा-पंधरा वर्षांनी घराघरांत ओळखला जाणार असतो, आणि त्या चित्रपटाच्या वेळी मात्र त्याचे नाव विचारावे असे कोणालाही वाटलेले नसते.

नवाजुद्दीन सिद्दीकी यांच्यापासून सुरुवात करणे सोयीचे पडते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून ते 1996 मध्ये बाहेर पडले. 1999 च्या ‘सरफरोश’मध्ये पोलीस चौकशीत सापडलेला गुन्हेगार, त्याच वर्षीच्या ‘शूल’मध्ये वेटर आणि 2003 च्या ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मध्ये रेल्वे स्थानकावर सुनील दत्त यांचा खिसा कापणारा भुरटा चोर, अशा त्यांच्या भूमिका झाल्या. ‘कहानी’ आणि ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ आले ते 2012 मध्ये. मी नव्या सहकाऱ्याला आधी 2012 चे चित्रपट आवाज बंद करून पाहायला सांगते आणि उत्तर देण्यापूर्वी हा नट किती थांबतो, मान कशी धरतो, समोरच्याचे बोलणे चालू असताना हातांचे काय करतो, एवढेच वहीत टिपायला लावते. मग तो खिसेकापूवाला प्रसंग दाखवते. चेहरा वयाने, मिशीने, वजनाने आणि केशभूषेने बदलतो. कानांची ठेवण, खांद्यांची ढब आणि चाल सहसा बदलत नाही.

ज्या प्रसंगाने मला या कामाची खरी गोडी लावली तो ‘सलाम बॉम्बे’मधला आहे. 1988 च्या या चित्रपटासाठी मीरा नायर यांनी नाट्य विद्यालयात शिकणाऱ्या इरफान खान यांची निवड केली होती, ती बऱ्याच मोठ्या भूमिकेसाठी. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला आला तो पैसे घेऊन पत्रे लिहून देणारा माणूस. चायपाव हा पोरगा आईला पाठवायच्या पत्राचा मजकूर सांगतो आणि हा माणूस तो लिहून घेतो. प्रसंग छोटा आहे आणि प्रेक्षकाचे सगळे लक्ष साहजिकच पोराकडे असते. मात्र आपण नजर लिहिणाऱ्यावर ठेवली, तर पुढे जगभर ओळखले गेलेले ते जड पापण्यांचे डोळे आणि कसलीही घाई नसलेले ते बोलणे तिथे आधीच हजर असल्याचे दिसते. मी हा तुकडा किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही, आणि मोठी भूमिका हातची गेल्यानंतर इतक्या निष्ठेने ही छोटी भूमिका करणाऱ्या तरुणाबद्दल दर वेळी तितकाच आदर वाटतो. पुढे 2006 मध्ये ‘द नेमसेक’मध्ये याच दिग्दर्शिकेने त्यांना प्रमुख भूमिका दिली.

कानांवर विश्वास ठेवावा, पण जपून. मृणाल सेन यांच्या 1969 च्या ‘भुवन शोम’मध्ये अमिताभ बच्चन कुठेही दिसत नाहीत, निवेदनातून फक्त ऐकू येतात, आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव नुसते ‘अमिताभ’ असे आहे. केवळ चेहरे तपासणारा सूचीकार ही नोंद हमखास गमावतो. याच्या उलट ‘आखरी रास्ता’ या 1986 च्या चित्रपटात श्रीदेवी दिसतात, पण त्यांचा आवाज रेखा यांचा आहे. त्यामुळे नुसत्या आवाजावरून कोणाचेही नाव लिहू नये.

नावांचाही असाच घोळ असतो. राजकुमार राव यांचे सुरुवातीच्या चित्रपटांतले नाव राजकुमार यादव असे आहे; ‘आवारा’त बालपणीचा राज साकारणारे शशी कपूर तिथे शशिराज आहेत; आणि 1942 च्या ‘बसंत’मधली बेबी मुमताज म्हणजे पुढची मधुबाला. कलाकाराची सगळी नावे एका पानावर लिहून काढल्याशिवाय श्रेयनामावली वाचायला बसू नये.

आपल्यासमोरची प्रत कोणती आहे, हेही आधी विचारावे. रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला चित्रपट जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या चौकटीत बसवताना दोन्ही बाजू कापल्या जात, उंचीच्या 2.35 पट रुंदीची चौकट 1.33 पटीवर आणली की चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा होतो. छोट्या भूमिकेतला नट बहुधा कडेलाच उभा असतो. पूर्ण रुंदीची प्रत मिळेपर्यंत ‘आढळला नाही’ असा शेरा मारू नये.

माझ्या हातून घडलेली चूक सांगायलाच हवी. कामाच्या दुसऱ्या वर्षी एका चित्रपटातील बाजाराच्या गर्दीत मला एक ख्यातनाम नट दिसला असे वाटले. त्याने त्याच दिग्दर्शकाच्या पुढच्या चित्रपटात काम केले आहे हे मला ठाऊक होते, आणि त्या माहितीच्या जोरावर मी त्याचे नाव लिहून मोकळी झाले. आमच्या सूचीतून ते नाव आणखी दोन सूच्यांत उतरले. आठ महिन्यांनी त्या चित्रपटाच्या निर्मितीत काम केलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी, तो मनुष्य बाजारातलाच एक दुकानदार होता, असे शांतपणे सांगितले. आमच्या सूचीतील नोंद त्याच दिवशी दुरुस्त झाली. इतर दोन ठिकाणी ती आजही तशीच आहे, आणि त्याची बोच माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक ओळखीपुढे तिचा आधार लिहिते : श्रेयनामावली, कलाकाराची मुलाखत, की केवळ माझे डोळे. केवळ डोळ्यांचा आधार असेल, तर ते नाव सूचीत जात नाही, वहीतच राहते.

सरावासाठी रिचर्ड अॅटनबरो यांचा 1982 चा ‘गांधी’ घ्यावा. त्याची लांबी 191 मिनिटे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या भागात गांधीजी आणि त्यांचे इंग्रज पाद्री मित्र चार्ली अँड्र्यूज यांची वाट अडवणारा दांडगट पोरगा म्हणजे डॅनियल डे-लुईस. पुढे त्यांना प्रमुख अभिनेत्याची तीन ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्याच चित्रपटात ओम पुरी आणि डॉ. श्रीराम लागू हेही थोडा वेळच दिसतात, पण ती त्यांची सुरुवात नव्हे. लागूंचा ‘सामना’ 1975 चा आणि ओम पुरींचा ‘आक्रोश’ 1980 चा, त्यामुळे भूमिकेची लांबी आणि कारकिर्दीतला टप्पा यांची नोंद वेगवेगळी करावी लागते.

शेवटच्या प्रार्थनासभेचा प्रसंग मात्र मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी दाखवते आणि गांधीजींकडे अजिबात पाहू नकोस, असे सांगते. हे फार कठीण जाते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी केव्हातरी त्याची नजर गांधीजींवरून सरकून त्यांच्यासोबत चालणाऱ्या दोन मुलींवर जाते; मनू झालेल्या सुप्रिया पाठक आणि आभा झालेल्या नीना गुप्ता.