माजघरातल्या काळ्या फळ्या उजळायच्या असतील तर

कोकणातल्या जुन्या घरांत भिंतीच्या फळ्या धुराने आणि वर्षानुवर्षं चोपडलेल्या काजूच्या टरफलाच्या तेलाने पार काळ्या पडतात. भर दुपारी दिवा लावावा लागतो. पण म्हणून थेट पांढरा रंग फासू नका. तेलकट लाकडावर रंग धरत नाही, आणि सागाचा अर्क पिवळट डाग होऊन वर येतो.

आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने फळी पुसा. फडकं तपकिरी निघायचं थांबेपर्यंत पुसत राहा. खरी मेहनत इथेच आहे. खिडक्या उघड्या, चूल विझलेली. वापरलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. काजूच्या टरफलाचं तेल अंगावर उततं, फोड येतात, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक आहे, तेव्हा हातमोजे आणि मास्क हवेतच.

त्यावर लाखेचा प्राइमर; डाग अडवतो तो हाच. शेवटी मोतिया रंगाचे दोन पातळ हात. रेषा दिसायला हव्यात? मग प्राइमर नको. पांढऱ्या वॉटर बेस रंगात तेवढंच पाणी घालून उघड्या लाकडावर लावा आणि मिनिटभरात पुसून घ्या.

हे काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, रंगाचे पापुद्रे सुटतात. आणि कोरीव खांब, तुळया मात्र तशाच राहू द्या. उजळलेल्या भिंतीपुढे त्या फार देखण्या दिसतात.