आरएस-४८५ मीटर इथरनेटवर आणताना येणारी सीआरसी एरर
आरएस-४८५ या सीरियल तारांवर बोलणारा मीटर सीरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरला जोडला आणि अधूनमधून सीआरसी एरर (डेटा नीट पोचला का हे तपासणारा आकडा न जुळणं) यायला लागली. वायरिंग, टर्मिनेशन (तारेच्या टोकाचा रेझिस्टर), बॉड रेट (सीरियल डेटाचा वेग) सगळं ठीक. वायरशार्क (नेटवर्कवरचा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर) लावल्यावर दिसलं की मीटरचं एकच उत्तर दोन टीसीपी पॅकेटांत येतंय आणि सॉफ्टवेअर पहिल्या तुकड्यालाच पूर्ण उत्तर समजतंय. मीटर ज्या प्रोटोकॉलने बोलतो त्या मॉडबस आरटीयूत फ्रेम (एक पूर्ण संदेश) संपल्याची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांइतकी शांतता, ९६०० बॉडला साधारण ४ मिलिसेकंद. कन्व्हर्टर त्याआधीच पॅकेट पाठवून मोकळा! कन्व्हर्टरचा पॅकिंग टाइमआउट (पॅकेट पाठवण्याआधी पुढच्या बाइटची वाट पाहायचा वेळ) १० मिलिसेकंद केला, एरर जवळजवळ थांबली. पण टीसीपी म्हणजे नुसता बाइटांचा ओघ, पॅकेटच्या सीमांची हमी नाही. म्हणून कोडमध्ये उत्तराच्या तिसऱ्या बाइटमधली लांबी वाचून, तेवढे बाइट आणि सीआरसीचे दोन येईपर्यंत थांबायची सोय केली. कन्व्हर्टरमध्ये मॉडबस गेटवे मोड (कन्व्हर्टर स्वतःच मॉडबसच्या फ्रेम ओळखतो ती सोय) असेल, तर आधी तोच वापरून पाहा.