यान झेनछिंग यांची अक्षरे गिरवताना या चुका टाळा

चीनच्या थांग राजवटीच्या काळातील सुलेखनकार यान झेनछिंग (इ. स. ७०९–७८५) यांची अक्षरे रुंद बांध्याची आणि भारदस्त आहेत. बोरू किंवा कट निबने देवनागरी लिहिणारा हात त्यांच्याकडे वळला की जाड रेघेसाठी तो कुंचला आडवा पाडतो, आणि पहिली चूक तिथेच होते. बोरूचा जाड-बारीकपणा छाटलेल्या टोकाच्या कोनातून येतो, तर निमुळत्या चिनी कुंचल्याची जाडी मुख्यतः दाबातून येते. रेघेची एक कड गुळगुळीत आणि दुसरी दातेरी उमटू लागली, तर कुंचला उभा करावा आणि त्याचे टोक रेघेच्या मधोमध चालवावे.

एकच शिलालेख गिरवून ‘यान शैली’ आली असे समजणेही चूक आहे. ७५२ सालच्या दुओबाओ स्तूपाच्या शिलेवरील अक्षरे नेटकी व आवळलेली आहेत. पणजोबा यान छिनली यांच्यासाठी ७७९ मध्ये लिहिलेल्या शिलेवर मात्र उभ्या रेघा भरदार, आडव्या बारीक आणि अक्षराच्या पोटात भरपूर मोकळी जागा आहे. दोन्ही शिला आज शीआनच्या शिलालेख संग्रहालयात आहेत. शिलेवर कागद दाबून शाईने घेतलेल्या ठशांवरून शिकताना हेही ध्यानात ठेवावे की उतरत्या तिरक्या रेघेच्या शेवटी दिसणाऱ्या, पाकोळीच्या शेपटीसारख्या खाचेत छिन्नीचाही वाटा आहे. ती नंतर वेगळी जोडली की रेघ मोडते.

सर्वांत गंभीर चूक ‘पुतण्याच्या श्राद्धलेखाचा मसुदा’ गिरवताना होते. थांग सेनापती आन लूशानच्या बंडात ७५६ मध्ये चांगशान शहर पडले, यान यांचा चुलतभाऊ आणि त्याचा मुलगा, म्हणजे पुतण्या जीमिंग, मारले गेले, आणि पुढे जीमिंगचे केवळ शिर हाती आले. ७५८ मध्ये लिहिलेल्या या मसुद्यात ‘बाप पकडला गेला, मुलगा मेला, घरटे उलथले, अंडी फुटली’ अशी ओळ आहे. शाई संपत येते, कुंचल्याचे केस फाकतात, शब्द खोडले जातात, तरी हात थांबत नाही. पुष्कळ जण हे डाग आणि या खोडाखोडी नक्षीसारख्या, मोजून मापून उतरवतात, आणि ते पाहताना मला खरोखर वाईट वाटते. तो कच्चा खर्डा होता. त्याकडे कुणी सुलेखन म्हणून पाहील, हे लिहिणाऱ्याच्या मनातही नसावे. म्हणून आधी मजकुराचा अर्थ समजून घ्यावा, मग कोरड्या रेघा मुद्दाम न घडवता एकदा भरलेला कुंचला शाई संपेपर्यंत चालू द्यावा. सुरुवातीची अक्षरे सुटी व सावकाश आहेत. शेवटच्या ओळींत, शोकाच्या उद्गारापाशी, ती जवळजवळ एकमेकांत मिसळून जातात.