आईची खोली आणि जुनी चादर

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास सोलापुरातही पहाटे चांगलंच गारठतं. आमचं घर पत्र्याचं, खाली शहाबादी फरशी. आईचा दमा रात्री 3 वाजताच उसळायचा. आधी कोळशाची शेगडी ठेवली, तो शुद्ध मूर्खपणा. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो.

मग आईला बाहेर बसवून उदबत्ती भिंतीकडेनं फिरवली. पत्र्याच्या सांध्यापाशी धूर सपकन आत वळला! तिथं सिमेंट भरलं, झरोका तेवढा मोकळा ठेवला. दाराला जुनी सोलापुरी चादर दुहेरी टांगली, फरशीवर पोती. दुपारी ऊन आत घेतो, 5 वाजता खिडकी लावतो. खर्च 200 रुपयांच्या आत.

पहाटे 14 अंश असायचे, आता 18. थंड देशांसाठी जागतिक आरोग्य संघटना किमान एवढेच सांगते. आई म्हणते, "दाराला चांगली चादर तरी लावायचीस की रे."