डेबियन वापरताना आणि घडवताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात एका सार्वजनिक वाचनालयातील, डेबियन ही लिनक्स कार्यप्रणाली असलेल्या संगणकावर प्रिंटरचा ड्रायव्हर बसत नाही म्हणून मला बोलावणे आले. तेथील ग्रंथपालांनी सकाळपासून तीन वेळा प्रयत्न केला होता आणि तिन्ही वेळा डीपीकेजी हा पॅकेज (प्रोग्रामचा तयार गठ्ठा) बसवणारा प्रोग्राम एकच तक्रार करून थांबला होता: 'एलडीकॉन्फिग' हा प्रोग्राम पाथमध्ये (आज्ञा ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्यांच्या यादीत) सापडत नाही. मी पोहोचेपर्यंत त्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून सी लायब्ररीचे (जवळजवळ सर्व प्रोग्राम जिच्यावर अवलंबून असतात त्या मूळ लायब्ररीचे) पॅकेज पुन्हा बसवून पाहिले होते, एक सिंबॉलिक लिंक हाताने तयार केली होती आणि आता सगळी प्रणालीच नव्याने टाकावी की काय, या विचारात ते होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. एलडीकॉन्फिग आपल्या जागी, म्हणजे एसबिन फोल्डरमध्ये, सुखरूप होते. ग्रंथपालांनी रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होताना नुसते 'एसयू' लिहिले होते, त्यापुढची आडवी रेघ राहून गेली होती. २०१९ च्या बस्टर आवृत्तीपासून डेबियनमधील एसयू ही आज्ञा युटिल-लिनक्स या संचातून येते, आणि रेघ नसेल तर सामान्य वापरकर्त्याचाच पाथ रूटलाही लागू राहतो. त्या पाथमध्ये एसबिन नसते. रेघ दिली आणि ड्रायव्हर बसला.

संदेशात 'पाथ' हा शब्द होता. फाइल हरवली आहे असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. परंतु वाचणाऱ्याने 'सापडत नाही' एवढेच वाचले. डेबियनच्या बाबतीत मी पाहिलेल्या बहुतेक बिघाडांचे मूळ असे अर्धवट वाचण्यात असते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ही सवय केवळ नवशिक्यांची नाही.

इअन मरडॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली, तेव्हापासून आजतागायत ही प्रणाली स्वयंसेवकांनी चालवलेली आहे. सुमारे एक हजार डेव्हलपर जगभर विखुरलेले आहेत, आणि २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. प्रत्येक पॅकेजचा मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणारा, वेगळा असल्यामुळे एकेक पॅकेज बहुधा नीट तपासलेले असते. बिघाड होतो तो दोन पॅकेजांच्या सांध्यावर, आणि त्या सांध्यावर नेमके काय झाले हे प्रणालीने छापलेल्या ओळींखेरीज दुसरीकडे कोठे लिहिलेले नसते.

सुडोची गफलत

प्रणाली बसवताना इन्स्टॉलर रूटचा पासवर्ड विचारतो. तो भरला, तर पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे रूटच्या वतीने आज्ञा चालवण्याचा, अधिकार मिळत नाही. तो रिकामा सोडला, तर मिळतो. हे इन्स्टॉलरच्या त्याच पानावर लिहिलेले असते, तरीही 'आपण सुडोअर्स फाइलमध्ये नाही' या संदेशाने घाबरून ती फाइल हाताने खरडणारे पुष्कळ भेटतात. रूट होऊन त्या वापरकर्त्याला 'सुडो' गटात घालावे आणि त्यानंतर एकदा लॉगआउट करून पुन्हा आत यावे. हे शेवटचे पाऊल विसरल्यामुळे 'उपाय चालला नाही' असा समज करून घेणारेही तितकेच असतात.

एका प्रोग्रामसाठी सगळे घर उलटेपालटे

डेबियनच्या तीन शाखा आहेत: स्टेबल (प्रसिद्ध झालेली), टेस्टिंग (पुढच्या आवृत्तीची तयारी) आणि अनस्टेबल (जेथे नवी पॅकेजे प्रथम येतात). अनस्टेबलचे कायमचे नाव सिड असून, ते टॉय स्टोरी चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या मुलावरून ठेवलेले आहे. एवढे सूचक नाव असूनही लोक स्टेबलवर काम करत असताना कोणत्या तरी प्रोग्रामची ताजी आवृत्ती हवी म्हणून सिडची एक ओळ स्रोतांच्या यादीत टाकतात. तो प्रोग्राम नवी सी लायब्ररी मागतो. ती आली की तिच्याशी बांधलेली इतर पॅकेजे नव्या आवृत्त्या मागू लागतात, आणि पंधरवड्यात ती प्रणाली ना स्टेबल राहते, ना सिड होते. डेबियनच्या वर्तुळात अशा प्रणालीला 'फ्रँकेनडेबियन' म्हणतात. उबंटूच्या पीपीएमधून, म्हणजे खासगी पॅकेज-स्रोतांमधून, आणलेली पॅकेजे हाच उद्योग थोड्या सावकाशीने करतात. यातली खरी मेख अशी, की परतीचा रस्ता नाही: पॅकेजांच्या स्थापना-स्क्रिप्ट जुन्याकडून नव्याकडे जाण्यासाठी लिहिलेल्या असतात, उलट्या प्रवासासाठी नाही, त्यामुळे डाउनग्रेडला अधिकृत आधार नसतो.

अशी प्रणाली हाती आल्यास मी सर्वप्रथम संशयित पॅकेजवर, अ‍ॅप्ट या स्रोतांतून पॅकेजे आणून बसवणाऱ्या प्रोग्रामची 'अ‍ॅप्ट पॉलिसी' ही आज्ञा चालवतो. उत्तरात बसवलेल्या आवृत्तीपुढे तीन तारका असतात आणि तिच्याखाली ती आवृत्ती कोणत्या स्रोतात उपलब्ध आहे ते प्राधान्याच्या आकड्यासह दिलेले असते. साधारण स्रोताचा आकडा ५०० असतो. तीन तारकांखाली केवळ १०० हा आकडा आणि डीपीकेजीच्या स्टेटस फाइलचा पत्ता दिसला, तर समजावे की ती आवृत्ती सध्या जोडलेल्या कोणत्याही स्रोतात नाही, म्हणजे ती पूर्वी काढून टाकलेल्या स्रोतातून किंवा हाताने उतरवलेल्या फाइलमधून आलेली आहे. अशी पॅकेजे दोन-चार असतील तर त्यांचा माग काढता येतो. सी लायब्ररीच त्यात सापडली, तर कामाच्या फाइल बाहेर काढून प्रणाली नव्याने बसवणे कमी वेळात होते, हे मी नाइलाजाने शिकलो आहे.

नवी आवृत्ती खरोखर हवी असेल, तर बॅकपोर्ट्सचा स्रोत जोडावा. त्यातील पॅकेजे टेस्टिंगमधून घेऊन स्टेबलसाठी पुन्हा बिल्ड (मूळ कोडपासून तयार) केलेली असतात आणि तुम्ही नाव घेऊन मागितल्याशिवाय ती आपणहून बसत नाहीत. डेस्कटॉपवरील प्रोग्रामसाठी फ्लॅटपॅक (प्रोग्राम त्याच्या लायब्रऱ्यांसह वेगळा बसवणारी पद्धत) हाही सोयीचा मार्ग आहे.

याच यादीतील आणखी एक बारीक चूक म्हणजे आवृत्तीच्या नावाऐवजी 'स्टेबल' हा शब्द लिहिणे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी ट्रिक्सी प्रसिद्ध झाली, त्या दिवशी 'स्टेबल' या शब्दाचा अर्थ बुकवर्मवरून ट्रिक्सीवर सरकला. अ‍ॅप्ट सांकेतिक नाव बदलल्याचे सांगून संमती मागते; परंतु घाईतला हात तेथेही 'वाय' दाबतो आणि नेहमीचे अपडेट समजून सुरू केलेले काम संपूर्ण आवृत्ती-बदल होऊन बसते. यादीत 'बुकवर्म' किंवा 'ट्रिक्सी' असे नावच असावे. नाव आपण ज्या दिवशी बदलू, त्या दिवशी रिलीज नोट्स वाचायला वेळ काढला जातो. ट्रिक्सीत टीएमपी हे तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर डिस्कवरून मेमरीत हलवण्यात आले असून, ते जास्तीत जास्त निम्मी रॅम व्यापू शकते. चार जीबी रॅमच्या संगणकावर मोठा प्रोग्राम बिल्ड करताना 'जागा शिल्लक नाही' असा संदेश आला आणि डिस्क मात्र अर्धी रिकामी दिसली, तर हे कारण तपासावे. रिलीज नोट्समध्ये ते स्पष्ट लिहिलेले आहे.

काढली जाणारी यादी

अ‍ॅप्ट काम सुरू करण्यापूर्वी काय नवे बसेल, काय अद्ययावत होईल आणि काय काढले जाईल, हे वेगवेगळ्या याद्यांत सांगते. बसणाऱ्या आणि अद्ययावत होणाऱ्या पॅकेजांच्या याद्या चाळल्या तरी चालेल. काढल्या जाणाऱ्यांची अक्षरन् अक्षर वाचावी. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूब वाहिनीच्या चालकाने पॉप ओएस या डेबियनकुळातील प्रणालीवर स्टीम हा खेळांचा प्रोग्राम बसवायला घेतला. पॅकेजांच्या सांध्यातील एका दोषामुळे अ‍ॅप्टने सारा डेस्कटॉप काढण्याचा प्रस्ताव मांडला आणि 'होय, मी सांगतो तसे करा' अशा अर्थाचे पूर्ण वाक्य टंकित करण्यास सांगितले. त्यांनी ते टंकित केले आणि डेस्कटॉप गेला. दोष मुळात त्यांचा नव्हता, परंतु धोक्याची सूचना पडद्यावर होती. त्यानंतर अ‍ॅप्टच्या कर्त्यांनी ती पळवाट आणखी अरुंद केली. असे काही घडून गेल्यावर नेमके काय काढले गेले हे आठवत बसू नये. लॉग फोल्डरातील अ‍ॅप्टच्या 'हिस्टरी' फाइलमध्ये तारीख, वेळ, दिलेली आज्ञा आणि प्रत्येक पॅकेजचे नाव नोंदलेले असते.

लॉगवरून आठवले: जुन्या लेखांत सिसलॉग फाइल पाहा असा सल्ला असतो, आणि बुकवर्मपासून नव्याने बसवलेल्या प्रणालीत ती फाइल मुळात तयारच होत नाही, कारण ती लिहिणारे आरसिसलॉग आता आपोआप बसवले जात नाही. नोंदी सिस्टमडीच्या (सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) जर्नलमध्ये असतात. संगणक अडकला, तुम्ही तो बंद करून सुरू केला आणि लगेच जर्नल उघडले, तर दिसतात त्या बिघाडानंतरच्या, निरोगी बूटच्या नोंदी. 'जर्नलसीटीएल' आज्ञेला 'बी' पर्याय आणि उणे एक हा आकडा दिला की आधीच्या बूटच्या नोंदी मिळतात, आणि त्यातील शेवटच्या वीस-पंचवीस ओळी बहुधा पुरेशा असतात.

घडवणाऱ्यांच्या चुका

पॅकेज तयार करणाऱ्यांकडून होणारी सर्वांत महाग चूक डेबियनच्याच इतिहासात नोंदलेली आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएल ही कूटलेखनाची लायब्ररी तपासताना व्हॅलग्रिंड हे मेमरीतील चुका शोधणारे साधन एक इशारा देत होते: प्रारंभिक मूल्य न दिलेली मेमरी वापरली जात आहे. मेंटेनरने मूळ प्रकल्पाकडे विचारणा केली आणि त्यानंतर इशारा ज्या दोन ओळींमुळे येत होता, त्या डेबियनच्या आवृत्तीतून काढून टाकल्या. इशारा थांबला. परंतु त्यांतल्या एका ओळीतूनच सगळी यादृच्छिकता आत येत होती. ती गेल्यावर किल्ली बनवताना बदलता घटक उरला तो प्रोसेस क्रमांक, ज्याची शक्य मूल्ये ३२,७६८ एवढीच होती. सर्वांगांनी सुरक्षित वाटणारी एसएसएच (दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याची) किल्ली कोणालाही यादी करून शोधता येण्याजोगी झाली. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले, तेव्हा दीड वर्षाहून अधिक काळ तयार झालेल्या किल्ल्या आणि प्रमाणपत्रे टाकून नवी करावी लागली.

वाचनालयातील ग्रंथपाल आणि हा निष्णात मेंटेनर यांच्या चुकीची जात माझ्या मते एकच आहे: संदेश हाच आजार समजून तो बंद करणे. पॅकेजच्या स्थापना-स्क्रिप्टमध्ये एखादी आज्ञा अपयशी ठरते म्हणून तिच्या शेवटी 'अन्यथा ट्रू' (म्हणजे अपयशही यश मानावे) जोडणारे आजही आहेत. पॅकेज तेव्हा यशस्वीपणे बसते, आणि दोन महिन्यांनी कोणाची तरी सेवा सुरू होत नाही. स्क्रिप्ट थांबू द्यावी. ती पुन्हा चालवली तरी चालेल अशी लिहावी, कारण अर्ध्यावर वीज गेलेल्या संगणकावर ती पुन्हा चालणारच आहे. त्याचप्रमाणे मूळ प्रोग्रामातील दुरुस्ती केवळ डेबियनच्या पॅचमध्ये दडवून ठेवू नये. ती मूळ प्रकल्पाकडे पाठवली की तो कोड रोज हाताळणाऱ्यांच्या नजरेखालून जाते.

स्वतःच्या संगणकावर बिल्ड झाले म्हणून पॅकेज तयार झाले, असे मानण्याची चूक मी स्वतः केली आहे. वर्षानुवर्षांत माझ्या संगणकावर शेकडो लायब्रऱ्या साठल्या होत्या, त्यामुळे बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे बिल्डसाठी लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, एक नाव लिहायचे राहिले तरी काही अडले नाही. डेबियनच्या बिल्ड-यंत्रांवर ते पहिल्याच मिनिटाला कोसळले. एसबिल्ड दरवेळी कोऱ्या वातावरणात बिल्ड करते, म्हणून शेवटची तपासणी त्यातच व्हावी, आणि त्यानंतर लिंटियन या पॅकेज तपासणाऱ्या साधनाचे इशारे वाचावेत. आवृत्ती-क्रमांकाबाबत थोडक्यात: चाचणी आवृत्तीला तरंगचिन्ह (~) लावावे, कारण ते असलेला क्रमांक अंतिम क्रमांकापेक्षा लहान गणला जातो, इपॉक (क्रमांकाच्या आधी लागणारा, बाकी सर्वांवर मात करणारा आकडा) मात्र अगदी अडल्याशिवाय लावू नये, कारण एकदा लावलेला इपॉक पुन्हा काढता येत नाही.

व्हॅलग्रिंडचे नाव डेबियनच्या गोष्टीत पुन्हा एकदा येते. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर सिडवर काही वेग-चाचण्या घेत होते. एसएसएचने लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे त्यांच्या लक्षात आले, आणि काही आठवड्यांपूर्वी पॅकेजे अद्ययावत केल्यानंतर व्हॅलग्रिंडने केलेली एक विचित्र तक्रारही त्यांना आठवली. त्यांनी ती दाबली नाही, तिचा माग काढला. २९ मार्चला त्यांनी जाहीर केले की एक्सझेड या फाइल-संपीडन संचाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये हेतुपुरस्सर चोरदरवाजा बसवलेला आहे. तो कार्यान्वित करणारी ओळ प्रकल्पाच्या गिट भांडारात (कोडच्या नोंदलेल्या इतिहासात) नव्हती, प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्येच, म्हणजे कोडच्या गठ्ठ्यातच, होती. स्टेबल आवृत्ती त्यातून वाचली, कारण ती पॅकेजे तेथवर पोहोचलीच नव्हती. मेंटेनरने टारबॉल आणि गिट यांची तुलना करून पाहावी, हा आग्रह त्यानंतर वाढला आहे.

बग नोंदवताना

मराठी लोकेल (भाषेची मांडणी) निवडून डेबियन चालवणाऱ्यांना अ‍ॅप्टचे बरेच संदेश मराठीत दिसतात. रोजच्या वापरात ते छान आहे, पण बग नोंदवताना मराठी ओळ चिकटवल्यास फिनलंडमधील मेंटेनरला ती वाचता येत नाही आणि आधी नोंदलेला तसाच बग आपल्यालाही सापडत नाही. त्या एका वेळेपुरते 'एलसी_ऑल' या चलाला 'सी' हे मूल्य देऊन आज्ञा पुन्हा चालवावी आणि मिळालेली मूळ इंग्रजी ओळ उतरवावी.

नोंद 'रिपोर्टबग' या प्रोग्रामने करावी, कारण पॅकेजची आवृत्ती, कर्नल आणि ज्या पॅकेजांवर ते अवलंबून आहे त्यांच्या आवृत्त्या तो स्वतःच जोडतो. बिघाड आपल्याला कितीही सतावत असला तरी तीव्रता 'ग्रेव्ह' (अतिगंभीर) लिहू नये. त्या श्रेणीचा बग पॅकेजला टेस्टिंगमध्ये जाण्यापासून रोखतो. पूर्वी चालत असलेली गोष्ट अचानक बंद पडली असेल, तर डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या असतात. एखाद्या चाचणी-यंत्रावर त्या क्रमाने बसवून कोणत्या आवृत्तीपासून बिघाड सुरू झाला एवढे जरी कळवले, तरी मेंटेनरचे अर्धे काम होते. मेंटेनरने आणखी माहिती मागितली आणि महिनोन्‌महिने उत्तर आले नाही, तर बग बहुधा बंद केला जातो, म्हणून नोंदीत दिलेला ईमेल पत्ता आपण रोज उघडतो तोच असू द्यावा.